पेंच नदीची मळई आणि तोतलाडोहाचा जलाशय

नागपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या पेंचच्या अरण्याविषयी जे लेखन होते, त्यात मानाचे पान वाघाकडे जाते. आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या नदीवरून ह्या अरण्यास नाव मिळाले, तिच्या काठाचा इतिहास त्या मानाने मागे पडला आहे. पुराच्या पाण्याखाली जाणारी आणि पूर ओसरल्यावर वर येणारी जी जमीन, ती ह्या खोऱ्यात पूर्वी कशी होती, तिचा उपभोग कोण घेत होते, ती कोणत्या निर्णयांमुळे नाहीशी झाली आणि तिच्या जागी आज जे काही आहे त्याचे स्वरूप कोणते, ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पुराने आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीस देशावर मळई म्हणतात. जुन्या मध्य प्रांतातील जमाबंदीच्या कागदांत अशाच जमिनीस कछार ही संज्ञा आढळते. काळी, मोरंड, खरडी, बरडी ह्या प्रतींच्या पंक्तीत तिला स्वतंत्र स्थान होते. नदीच्या पात्रात उन्हाळ्यातही पाणी धरून राहणारा खोलगट भाग तो डोह. हे तीन शब्द लक्षात ठेवले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाही. भूगोलाच्या क्रमिक पुस्तकांत ‘पूरमैदान’ हा शब्द रूढ झाला आहे. पण पेंचचे खोरे डोंगराळ भागात इतके अरुंद आहे की तेथे मैदान हा शब्द अतिशयोक्त वाटतो.

पेंच छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, पुढे दक्षिणेकडे वळून काही अंतर छिंदवाडा आणि सिवनी ह्या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते, नागपूर जिल्ह्यात उतरते आणि कामठीच्या वरच्या अंगास कन्हान नदीस मिळते. कन्हान वैनगंगेस, वैनगंगा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीस, असा हा पाण्याचा प्रवास आहे. अरण्यातील नदीचा स्वभाव बारमाही नाही. एप्रिल संपता संपता प्रवाह खंडित होतो आणि उरतात ते ठिकठिकाणचे डोह. कठीण खडकात नदीने कोरलेले हे डोह, त्यांच्या बाजूची वाळूची पुळण, तिच्यावरची गाळाची पट्टी, त्या पट्टीच्या कडेने अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर ह्यांची दाट सावली आणि तेथून वर चढत गेलेले सागाचे, ऐनाचे व धावड्याचे कोरडे रान, असा नदीकाठाचा जणू जिनाच होता. उन्हाळ्यात वरचे रान निष्पर्ण होई त्या वेळी खालच्या पायऱ्यांवर हिरवळ आणि पाणी दोन्ही मिळत. चितळ, सांबर, गवा ह्यांचा उन्हाळा ह्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर अवलंबून होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

तोतलाडोह हे आज धरणाचे नाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्याचे उत्तरपद मात्र धरणाच्या फार पूर्वीचे असून ते नदीच्या एका डोहाकडे बोट दाखविते. ज्याने डोह बुडविला त्या जलाशयास त्याच डोहाचे नाव लाभावे, ही गोष्ट स्थलनामांच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

जुन्या साधनांतून ह्या काठाविषयी फारसे हाती लागत नाही. पेंचच्या अरण्याची थोरवी सांगताना ‘आइने अकबरी’चा दाखला वारंवार दिला जातो. त्या ग्रंथातील ज्या उल्लेखाचा ह्या मुलखाशी खात्रीने संबंध जोडता येतो तो खेरल्याच्या पूर्वेकडील जाटबा ह्या गोंड जमीनदाराविषयीचा आहे. त्याच्यापाशी शंभर हत्ती असल्याचे तेथे म्हटले आहे, आणि रानटी हत्ती सापडण्याच्या ठिकाणांत हरियागडाचे नाव आहे. ह्याच जाटब्याच्या देवगडच्या घराण्यात पुढे बख्त बुलंद झाला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने नागपूर वसविले. पेंचचा वरचा व मधला प्रदेश देवगडच्या राज्यात मोडत होता. आज ह्या खोऱ्याच्या वन्य प्राण्यांत हत्ती नाही. तेव्हा अरण्य अनादिकालापासून जसेच्या तसे चालत आले आहे, ही समजूत ह्या एका नोंदीनेही ढासळते.

काठावरील माणसांविषयी खरी माहिती मिळते ती इंग्रजी अमदानीत. रसेल आणि हिरालाल ह्यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींविषयीच्या ग्रंथात ढीवरांचे वर्णन आहे. मासेमारी, नाव चालविणे आणि पाणी भरणे ह्यांबरोबरच तळ्यांत शिंगाडे लावणे व उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पात्रात डांगरे आणि भाजीपाला पिकविणे हे त्यांचे उद्योग म्हणून सांगितले आहेत. नदीतील डांगरवाड्या विदर्भाच्या खेड्यांत आजही दिसतात. ह्या शेतीचे वैशिष्ट्य असे की तिला कायमचा बांध नाही आणि कायमचा मालकही नाही. पुराने दर वर्षी जमीन नवी करून द्यावी, उन्हाळ्यात तीवर वेल पसरावेत आणि मृगाचे पाणी येताच सगळे वाहून जावे, असा हा करार. पुराशी भांडण न करता त्याच्या येण्याजाण्यावर उपजीविका बसविण्याची ही रीत ढीवरांइतकीच चितळांचीही होती. पुढे नदीच्या पाण्याची वाटणी झाली तेव्हा ह्या दोघांचाही हिशेब कोणत्याच रकान्यात बसला नाही, ह्याचे मूळ येथे आहे. कारण महसुलाच्या दप्तराला जी जमीन सहा महिने असते आणि सहा महिने नसते तिचे करावे काय, हे कधीच नीट उमगले नाही.

एकोणिसाव्या शतकातील शिकारी लेखकांचे ग्रंथ हे आणखी एक साधन. कॅप्टन फॉर्सिथचा मध्य हिंदुस्थानच्या उच्च प्रदेशाविषयीचा ग्रंथ १८७१ साली आणि स्टर्नडेलचा सिवनीविषयीचा १८७७ साली निघाला. फॉर्सिथची एक सूक्ष्म निरीक्षणशक्ती येथे सांगावीशी वाटते. साल वृक्षाच्या सीमेबरोबर बारशिंग्याची आणि रानम्हशीचीही सीमा जाते, हे त्याने ताडले होते. दलदल आणि उंच गवत ह्यांची आवड असलेले हे प्राणी पूर्वेकडील खोऱ्यांचे. पेंच हा सागाचा प्रदेश. अर्थात पेंचच्या काठाचे महत्त्व दुर्मीळ दलदली प्राण्यांमुळे नव्हते. सामान्य तृणभक्षकांच्या मोठ्या संख्येला उन्हाळा पार करून देणे हे त्याचे कार्य होते, आणि वाघाची संख्या ह्या सामान्यांच्या संख्येवरच ठरते.

स्टर्नडेलच्या पुस्तकाचा आधार घेऊन किपलिंगने, सिवनीचा मुलूख स्वतः न पाहता, आपल्या जंगलकथा लिहिल्या, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच्या १८९५ सालच्या दुसऱ्या भागात वैनगंगा आटल्यावर पात्रातील खडक उघडा पडतो आणि सर्व प्राणी पाण्यापुरता वैरभाव सोडतात, असा प्रसंग आहे. त्यातील तह काल्पनिक खरा. पण आटत्या नदीच्या डोहाभोवती अवघे रान जमते हे त्याने बरोबर हेरले. नदी पाहिलेल्या अनेकांनी जे लिहिले नाही ते न पाहणाऱ्याने लिहिले, हा साहित्याच्या इतिहासातील एक विनोदच म्हणावयाचा.

सरकारी वनखात्याची दृष्टी वेगळी होती. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची आखणी झाली ती मुख्यतः इमारती लाकडाच्या हिशेबाने. साग हा ह्या हिशेबाचा राजा. काठावरचा अर्जुन किंवा जांभूळ ह्यांस त्या दरबारात जागा खालची. १९१२ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यातही विचार होता तो प्राण्याचा आणि त्याच्या शिकारीच्या हंगामाचा. प्राणी ज्या जागेवर जगतो त्या जागेचा नव्हता. हा दोष एकट्या मध्य प्रांताचा नाही. त्या काळी बहुतेक देशांत संरक्षणाची कल्पना येथवरच आली होती.

ह्यानंतरचा खरा कलाटणीचा प्रसंग वनखात्याच्या इतिहासातला नसून राज्यांच्या पुनर्रचनेतला आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत पेंच उगमापासून संगमापर्यंत एकाच प्रांताची नदी होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा व सिवनी नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राज्याची सीमा पेंचच्या खोऱ्यातून, ऐन अरण्याच्या मध्यातून गेली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. भाषावार प्रांतरचनेचा लाभहानीचा विचार येथे करावयाचा नाही. नदीपुरते एवढेच खरे की एका घरातील विहीर दोन भावांत वाटून घेण्याची वेळ आली. १९६४ साली दोन्ही राज्यांत पेंचच्या पाण्याविषयी करार झाला. पाण्याचा वाटा सिंचनासाठी किती, वीज कोणी किती घ्यावयाची, ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा तो आरंभ होता. पुढे गोदावरी पाणीतंटा लवादाच्या १९८० च्या अंतिम निवाड्याने खोऱ्यातील वाटपाला कायद्याची चौकट मिळाली. ह्या व्यवहारात पाणी मोजले गेले ते साठ्याच्या मापाने. ते कोणत्या महिन्यात कोठवर चढावे आणि कोठवर उतरावे, म्हणजे काठाच्या दृष्टीने जो मुख्य प्रश्न, तो वाटणीचा विषयच झाला नाही.

कराराची वास्तू उभी राहिली ती अशी. खाली नवेगाव खैरी येथील कामठी खैरी धरण १९७६ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील शेतीस पाणी मिळाले. वर अरण्यात तोतलाडोहाचे धरण १९८९ साली पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दशलक्ष घनमीटर, वीजकेंद्राची क्षमता १६० मेगावॉट आणि विजेत मध्य प्रदेशाचा दोन तृतीयांश व महाराष्ट्राचा एक तृतीयांश वाटा. जलाशय पूर्ण भरला असता सत्तर चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी पाण्याखाली जाते. तिचा मोठा भाग मध्य प्रदेशाच्या बाजूस आहे. नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग, कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांचे पाणी आणि सुमारे एक लाख हेक्टर सिंचनक्षेत्र ह्या व्यवस्थेवर अवलंबून आहे. ह्या धरणाविना आजचे नागपूर कसे उभे राहिले असते, ह्याची कल्पना करणे कठीण आहे. म्हणून धरणाच्या बांधणीवर आज दोष ठेवणे सोपे असले तरी ते प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आता संरक्षणाच्या तारखा पाहाव्यात. वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा १९७२ चा. त्यान्वये महाराष्ट्राने १९७५ साली पेंचचे २५७ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केले. मध्य प्रदेशाने आपल्या बाजूस १९७७ साली अभयारण्य व १९८३ साली राष्ट्रीय उद्यान केले. व्याघ्र प्रकल्पात मध्य प्रदेशाचे पेंच १९९२ साली आणि महाराष्ट्राचे १९९९ साली आले. म्हणजे उद्यान जाहीर झाले तेव्हा पाण्याचा करार होऊन अकरा वर्षे उलटली होती, आणि धरण पुरे होण्यास अद्याप चौदा वर्षे होती. जाहीर झालेल्या उद्यानाच्या हृदयातून वाहणाऱ्या नदीचा काठ बुडणार हे तेव्हाच ठरलेले होते. संरक्षण मिळाले ते जिन्याच्या वरच्या पायऱ्यांना. खालच्या पायऱ्या आधीच दुसऱ्याच्या नावे लिहून दिलेल्या होत्या. ह्यात कोणाची लबाडी होती असे मानण्याचे कारण नाही. पाटबंधारे आणि वने ही दोन खाती दोन निरनिराळे नकाशे पुढे ठेवून काम करीत होती आणि दोघांच्याही नकाशावर मळई हा रंग नव्हता.

परंतु निसर्गाने ह्या बुडालेल्या काठाची एक नक्कल निर्माण केली आणि तिच्यामुळेच हा विषय केवळ स्मरणाचा न राहता वर्तमानाचा झाला आहे. ऑक्टोबरात जलाशय तुडुंब असतो. रब्बीसाठी कालवे सुटतात, वीजकेंद्र चालते, शहर पाणी उचलते आणि पातळी उतरू लागते. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत काठाची ओली गाळवट टप्प्याटप्प्याने उघडी पडते आणि तीवर कोवळे गवत येते. वरच्या टेकड्यांवरचे रान त्या वेळी वाळलेले असते. साहजिकच चितळांचे मोठमोठे कळप आणि गवे येथे उतरतात, त्यांच्यामागे रानकुत्रे, बिबटे व वाघ येतात. हिवाळ्यात ह्याच उथळ काठांवर चक्रवाक व इतर पाहुणे पक्षी उतरतात. पेंचमध्ये तृणभक्षकांची दाटी मोठी आहे असे जे सांगितले जाते, त्याचे श्रेय काही अंशी ह्या उघड्या पडणाऱ्या पट्टीस दिले पाहिजे. पर्यटक जिला कुरण म्हणून पाहतो ती वस्तुतः जलाशयाची तळजमीन होय.

तथापि नक्कल ती नक्कल. जुन्या काठावर गाळाच्या वर झाडांची सावली होती. येथे झाड टिकत नाही, कारण सहा महिन्यांचे बुडणे अर्जुनासारख्या पाणथळ वृक्षालाही सोसत नाही. उतरत्या पाण्यातून बाहेर येणारे जुन्या झाडांचे काळे खुंट तेवढे त्या सावलीची साक्ष देतात. आडोसा नसल्याने लपण्याची सोय नाही. नदीसुरय आणि नदीटिटवी ह्यांसारखे पक्षी मार्च ते मे ह्या काळात वाळूवर किंवा उघड्या बेटांवर अंडी घालतात. नैसर्गिक नदीत त्या महिन्यांत पाणी सहसा चढत नाही, ह्या भरवशावर त्यांचे घरटे असते. जलाशयात मात्र वरच्या धरणातून उन्हाळ्यात पाणी सोडले तर तो भरवसा मोडू शकतो. वाहत्या पाण्यात चढउतार करणाऱ्या महसीरसारख्या माशाची वाट धरणाच्या भिंतीने अडते, आणि स्थिर पाण्यात कटला, रोहू, मृगळ ह्यांचे राज्य होते. सारांश, पूर्वी ह्या काठाचे पंचांग पाऊस लिहीत असे. आज ते कालव्याचे आवर्तन, विजेची मागणी आणि शहराची तहान मिळून लिहितात.

ह्या नव्या काठावर माणसेही आली, आणि त्यांचा वृत्तान्त ह्या इतिहासातील सर्वांत अवघड भाग आहे. धरणाच्या कामासाठी आलेल्या मजुरांची तोतलाडोहास वसाहत झाली. काम संपल्यावर त्यांतील अनेकांनी जलाशयातील मासेमारीवर पोट भरण्यास प्रारंभ केला. उद्यानाच्या नियमाप्रमाणे ती अवैध होती. पण मासे होते, बाजार होता आणि दुसरा उद्योग नव्हता. जाळी टाकण्यासाठी रात्री काठावर मुक्काम, चुलीसाठी लाकूड, त्यातून वणव्याची भीती, वनरक्षकांशी झगडे, असे हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. नव्या शतकाच्या आरंभी वसाहत उठविण्यात आली. मासेमारीचा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही.

मध्य प्रदेशाच्या बाजूस प्रश्नाचे रूप निराळे होते. तेथे उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना त्यांच्या परंपरागत हक्काच्या बदल्यात तोतलाडोह जलाशयात मासे धरण्याचे ३०५ परवाने देण्यात आले. त्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९७ साली न्या. सुजाता मनोहर ह्यांच्या निर्णयाने परवाने रद्द झाले नाहीत. पण छायाचित्रासह ओळखपत्र, ठरलेलीच वाट, काठावर चूल वा जाळ न करणे अशा अटी बांधून देण्यात आल्या, आणि नाजूक जीवसृष्टी राखताना तेथील जुन्या रहिवाशांच्या उपजीविकेचाही विचार झाला पाहिजे असे न्यायालयाने मानले. हा निर्णय वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्या पाण्यावर हक्क सांगितला जात होता ते पाणीच मुळी नवे होते. हक्क मात्र जुन्या नदीवरचा होता. नदी गेली, तिच्या जागी जलाशय आला, आणि जुना हक्क नव्या पाण्यावर कसा बसवावा ह्याचा निवाडा न्यायाधीशांना करावा लागला. सीमेच्या एका बाजूस परवाना आणि दुसऱ्या बाजूस बंदी, असे एकाच जलाशयाचे दोन कायदे त्यामुळे झाले. मासा सीमा ओळखत नाही हे सांगावयास नकोच.

अलीकडच्या काळात प्रश्न पुन्हा वरच्या अंगास सरकला आहे. छिंदवाडा जिल्ह्यात चौरईजवळ माचागोरा येथे मध्य प्रदेशाने आपल्या वाट्यातील पाण्यासाठी धरण बांधले. विस्थापितांच्या विरोधामुळे ते दीर्घकाळ गाजले आणि २०१६ नंतर त्यात पाणी साठू लागले. तोतलाडोहात येणारा येवा त्यामुळे घटला आणि पाऊस कमी पडलेल्या वर्षी त्याचा परिणाम तीव्रतेने जाणवला. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोह मृतसाठ्याच्या घरात गेला आणि त्या जुलैत नागपूर महापालिकेस शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. जलाशय इतका आटला म्हणजे कुरण वाढते, असे कोणास वाटेल. पण ओल नसलेल्या भेगाळ गाळावर गवत येत नाही. त्याच वर्षी उशिरा पण भरपूर पाऊस झाला आणि सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पुढील वर्षी, २०२० च्या ऑगस्टअखेर, छिंदवाड्याकडे अतिवृष्टी होऊन वरची दोन्ही धरणे भरली व पाणी सोडले गेले. पारशिवनी, कामठी, मौदा ह्या तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. वैनगंगेचा महापूर त्याच सुमारास भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत पोहोचला. पूर नाहीसे झाले नव्हते. त्यांची वेळ आणि वेग तेवढे बदलले होते. पुराच्या सवयीने नदीकाठ मोकळा ठेवण्याची पूर्वीची रीत मध्यंतरीच्या शांत वर्षांत विसरली गेली होती.

कायद्याच्या दृष्टीने येथे एक विचारणीय मुद्दा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००३ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान ह्यांविषयीच्या कलमांत पाण्याचाही समावेश झाला. संरक्षित क्षेत्रात येणारा किंवा तेथून बाहेर जाणारा प्रवाह वळविणे, थांबविणे अथवा वाढविणे ह्यांवर तीत निर्बंध आहे. १८७८ पासूनच्या कायद्यांची वाटचाल पाहिली असता ही लहानशी वाक्यरचना मोठी वाटते, कारण प्राणी आणि झाड ह्यांच्यापलीकडे जाऊन प्रवाहच संरक्षणाचा विषय झाला. मात्र पेंचच्या बाबतीत ती तोतलाडोह पुरे झाल्यानंतर चौदा वर्षांनी आली. आणि उद्यानाच्या सीमेबाहेर, कित्येक कोसांवर, दुसऱ्या कराराच्या आधारे बांधलेल्या धरणाला ती कितपत लागू होते, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न शिल्लक राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते पाण्याच्या करारात काठासाठी स्वतंत्र वाटा नसेल, तर केवळ वनाच्या कायद्यातील शब्दाने तो निर्माण होणार नाही.

असा वाटा देता येतो का, हा प्रश्न स्वप्नाळू नाही. पेंचसारखी उदाहरणे भारतातही आहेत. रामगंगेवरील कालागढ धरणाने १९७४ साली कॉर्बेट उद्यानातील पाटली दूनची गवताळ मैदाने बऱ्याच अंशी बुडविली. त्याच सुमाराच्या कबिनी धरणाच्या काठी नागरहोळे व बंदीपूर येथील हत्ती उन्हाळ्यात जलाशयाच्या तळजमिनीवर गोळा होतात. ह्या दोन्ही ठिकाणी जलाशयाच्या काठची हिरवळ हेच पर्यटकांचे आकर्षण झाले आहे. परदेशातील एक उदाहरण अधिक उपयोगी वाटते. आफ्रिकेतील झांबियात काफुए नदीवर इतेझी-तेझी धरण १९७० नंतरच्या दशकात झाले. त्याखालील विस्तीर्ण पूरमैदानावर लेचवे नावाच्या हरणाची एक जात राहते आणि ती अन्यत्र आढळत नाही. पूर वेळेवर येईनासा झाल्यावर तिची संख्या निम्म्यावर आली; शिकारीचाही त्यात वाटा होता. पुढे वीज व पाणी खात्यांशी बोलणी होऊन नैसर्गिक पुराच्या वेळापत्रकाशी जुळते असे पाणी सोडण्याचा प्रयत्न तेथे सुरू झाला. तो सर्वस्वी यशस्वी झाला असे नाही. तरी धरण चालविण्याच्या नियमावलीत हरणाला जागा असू शकते, एवढे त्याने सिद्ध केले.

पेंचच्या बाबतीत ह्याचा व्यावहारिक अर्थ मर्यादित आहे. बुडालेली मळई परत येणार नाही. मार्च ते मे ह्या काळात पातळी एकदम चढू न देणे, ती सावकाश उतरविणे आणि दोन्ही राज्यांनी वरून सोडावयाच्या पाण्याची वेळ वनखात्यास विचारून ठरविणे, एवढे तरी शक्य कोटीतील आहे. त्यासाठी जलाशयाच्या दैनंदिन पातळीचे दप्तर आणि प्राणिगणनेचे दप्तर शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागेल. हे काम इतिहासाच्या अभ्यासकाचे नव्हे, ही सबब येथे चालणार नाही. दोन खात्यांची दप्तरे ताडून पाहणे हा आपला नित्याचाच व्यवसाय आहे.

दुसरे एक काम मात्र निखालस आपले आहे आणि त्यास मुदत आहे. जुन्या भूमापन नकाशांवर नदीच्या पात्रात जे बारकावे दिसत, त्यांच्या जागी नव्या नकाशावर एकच निळा डाग आहे. त्या डागाखालील डोहांना नावे होती. ती ढीवरांच्या, गोंडांच्या आणि गुराख्यांच्या तोंडी होती. कोणता डोह केव्हा आटे, कोणत्या काठावर डांगरे होत, पूर कोणत्या झाडापर्यंत चढे, हे सांगू शकणारी माणसे पारशिवनी व रामटेक तालुक्यांतील गावांत अद्याप भेटण्याजोगी आहेत. मात्र १९८९ पूर्वीची नदी जाणत्या वयात ज्यांनी पाहिली, ती आज पन्नाशीच्या पुढची आहेत, आणि नावे बहुधा त्यांच्याहून वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असावयाची.